बंद मेसमधला फोन

मंगळवार, १ जुलै २०२५
मुसफ्फा

आजपासून आखातातल्या या कामगार कॅम्पचं वायफाय माझ्याकडे. मालकी कंपनीची, पण चालवणार मी, आणि बंद पडलं की शिव्या खाणारही मीच. रफिकभाई या कॅम्पचा इनचार्ज आहे म्हणून हे काम मला मिळालं, हे इथल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. 'रत्नागिरीहून भावाला आणून बसवला' असं कुणी म्हणायच्या आत काम चोख करून दाखवायचंय.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा. बी ब्लॉकमधल्या एका ड्रायव्हरने आपल्या फोनमध्ये आयपी पत्ता हाताने टाकून ठेवला होता, आणि नेमका तोच पत्ता आमच्या राऊटरने मुरलीधरकाकांच्या फोनला दिलेला. दोघांचंही नेट ये-जा करायला लागलं. काका तावातावाने आले. "अरे राहिल, कुंदा बोलता बोलता गायब होते! हे असलं वायफाय काय कामाचं?"

काका लांज्याचे, आमच्याच जिल्ह्यातले. कंपनीच्या लोखंडकामाच्या यार्डात वेल्डर आहेत. मी आलो तेव्हा कॅम्पमध्ये माझ्याशी मराठीत बोलणारे पहिले तेच. त्यांना समजावून सांगितलं, "आयपी म्हणजे खोली नंबर समजा. आज हा, उद्या दुसरा. पण फोनच्या पोटात कारखान्यातूनच एक पत्ता बसवून येतो, मॅक म्हणतात त्याला. तुमच्या या जुन्या फोनचा तर तो कधीच बदलायचा नाही. तुम्हाला काही द्यायचं असलं की राऊटर सगळ्या कॅम्पला ओरडून विचारतो, या नंबरच्या खोलीत कोण आहे? ज्याचा नंबर, तो फोन आपला मॅक सांगतो. मग राऊटर माल तिकडे पाठवतो. आज दोघांनी 'मी, मी' केलं. शेवटी जो ओरडला, त्याच्याकडे तुमच्या कुंदाकाकू गेल्या."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे तो ड्रायव्हर माझ्या बायकोचा ओरडा खात होता? खाऊ दे की मग थोडा वेळ!"

त्या ड्रायव्हरचं सेटिंग बदललं. खलास.

सोमवार, ७ जुलै

विशेष काही नाही. उन्हाने मेंदू वितळायची वेळ आलीये. साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी आहे, तरी आज दुपारी यार्डातून क्रेनचा आवाज येत होता. पुढच्या आठवड्यात कुठलंसं ऑडिट आहे, त्याची घाई म्हणे.

भाई उशिरा घरी आला. जेवला नाही. अंगाला डेटॉलचा वास. दुआ नाक दाबून म्हणाली, "अब्बा, यू स्मेल लाइक अ हॉस्पिटल." भाई म्हणाला, ऑडिटसाठी कॅम्प धुऊन घेतला. शहनाझभाभी म्हणाली, "अख्खा कॅम्प तुम्ही एकट्यानेच धुतलात का?" एरवी भाईने उलट चार शब्द ऐकवले असते. आज आंघोळीला निघून गेला.

बुधवार, ९ जुलै

मुरलीधरकाका दोन दिवस दिसले नाहीत म्हणून त्यांच्या खोलीवर गेलो. शेजारच्या बंकवर झोपणारा म्हणाला, सोमवारी ड्युटीवर गेले ते परत आलेच नाहीत. बॅग मात्र कुणीतरी नेली.

भाईला विचारलं. तो गाडीची काच पुसत होता. "पळाला असेल," म्हणाला. "दुबईला कुणीतरी जास्त पगाराचं दाखवलं असेल. असे शंभर पाहिलेत मी."

"काका? या वयात?"

"वयाचं काय विचारतोस! चल, यल्ला, उशीर होतोय."

मला वाईट वाटलं. जाताना मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही त्यांना? एवढ्या गप्पा मारायचो आम्ही. माणूस ओळखता येत नाही हेच खरं.

भाभी आजही पेज करत होती. वॉचमन आजारी आहे, त्याच्या पोटात दुसरं काही टिकत नाही म्हणून भाई रोज डब्यात नेतो. दुआच्या उरलेल्या औषधांतल्या तापाच्या गोळ्याही मागून घेतल्या. माझा भाऊ असा आहे. वॉचमनसाठी घरून पेज नेणारा इनचार्ज सगळ्या मुसफ्फात दुसरा दाखवा म्हणावं.

शुक्रवार, ११ जुलै

कुंदाकाकूंचा फोन. माझा नंबर काकांनीच त्यांना कधीतरी दिला होता.

"राहिल, यांचा नंबर बंद येतोय. सोमवारी रात्री मेसेज आला, ओव्हरटाइम आहे, फोन करू नको. त्यानंतर काही नाही. तुला दिसले का रे?"

काय सांगणार? कंपनी म्हणते पळाले, असं त्या बाईला कसं सांगू? म्हटलं, "साइट बदलली असेल काकू. चौकशी करतो."

"पण माझे मेसेज पोचतायत रे त्यांना. दोन टिक येतात. वाचत नाहीत, पण पोचतात."

मी म्हटलं, फोन दुसऱ्या कुणाच्या हातात असेल. विकलाही असेल.

काकू मग म्हणाल्या, "त्यात आमच्या नातीचे फोटो आहेत. तो फोन ते विकायचे नाहीत."

त्यांनी ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला. विकला असेल, हे बोलायची काय गरज होती?

रविवार, १३ जुलै

आजचं सगळं लगेच लिहून काढतो.

सुट्टी असूनही एचआरच्या शोभना मॅडमचा फोन आला. "राहिल, मुरलीधर का नाम वायफाय से हटा दो. मंगलवार को ऍब्स्कॉन्डिंग का रिपोर्ट जाएगा." म्हणजे फरार. एकदा तो शिक्का बसला की माणूस सापडला तर आधी कोठडी, मग थेट विमान, आणि परत या देशात पाऊल नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीचा हिशेबही बुडाला. मी फक्त "ओके मॅडम" म्हटलं.

लॅपटॉप उघडला. नाव काढायचं तर काकांच्या फोनचा मॅक शोधायचा. शोधला, तर तो राऊटरच्या चालू यादीत! समोर एक आयपी. म्हणजे या आयपीवर हा फोन आहे, असं राऊटर म्हणतोय. मला वाटलं, जुनी नोंद असेल. राऊटर एकदा मिळालेलं उत्तर काही वेळ लक्षात ठेवतो, माणूस निघून गेला तरी. म्हणून ती सगळी यादी पुसून टाकली आणि नव्याने विचारलं, या आयपीवर कोण आहे?

उत्तर आलं. तोच मॅक. काकांचा.

परत पुसलं, परत विचारलं. परत तेच. सिम काढलं की फोन गायब झाला असं लोकांना वाटतं. पण वायफायला सिमशी काही देणंघेणं नाही. फोन चार्जिंगला असेल, वायफाय चालू राहिलं असेल, तर राऊटरने हाक मारली की तो उत्तर देणारच. काकांचा फोन दुबईत नाही. इथे आहे, आपल्या कॅम्पच्या भिंतीच्या आत!

वायफायच्या कुठल्या डब्याला जोडलाय ते पाहिलं. जुन्या मेसचा. ती मेस वायरिंग जळाल्यापासून बंद आहे. पुढच्या पार्किंगला सिग्नल मिळावा म्हणून तिथला वायफायचा डबा मी तसाच ठेवला होता, त्याला वीज नेटच्या वायरीतूनच मिळते. तिथे कोण राहणार? कुणीही नाही. तर मग काकांचा फोन चोरून कुणीतरी तिथे लपवलाय. आणि काका? फोन चोरीला गेला म्हणून माणूस गायब होत नाही. डोक्यात नको नको ते येऊ लागलं.

जेवताना भाईला सगळं सांगितलं. अगदी यादी पुसली, परत विचारलं, उत्तर आलं, इथपर्यंत. त्याचा घास हातातच राहिला. चेहरा असा झाला की भाभीने पाणी पुढे केलं. काकांची त्यालाही काळजी आहे, हे मला तेव्हा कळलं.

"आणखी कुणाला बोललास?"

"कुणालाच नाही."

"नको बोलू. चोर सावध होईल. मी बघतो."

जेवण अर्धं टाकून तसाच गाडी घेऊन गेला. मीही येतो म्हटलं, तर ओरडला. माझ्यावर ओरडायची त्याची पहिलीच वेळ.

सोमवार, १४ जुलै

उत्तर येत नाही. सकाळपासून विचारतोय. काल भाई घरून निघाला, त्यानंतर थोड्याच वेळात फोन बंद झालेला दिसतो.

चोराला सुगावा कसा लागला? मी तर फक्त भाईलाच सांगितलं होतं.

वरचं वाक्य लिहिल्यावर पेन बाजूला ठेवलं होतं. आता परत घेतलंय. भाईच्या तोंडून कुणाकडे तरी निघालं असणार. वॉचमनकडे. मेसची चावी मागायला त्याच्याकडेच गेला असेल. हो, तसंच.

संध्याकाळ. वॉचमनला गेटवर भेटलो. विचारलं, तबियत कैसी है अब? तो हसायला लागला. "मेरी? मुझे क्या हुआ है?"

"पेट खराब था ना तुम्हारा? भाई घर से पेज लाते हैं..."

"कौन सी पेज, साब? मैं तो मेस का खाना खाता हूँ."

आणि जुन्या मेसची चावी? ती गेल्या आठवड्यापासून रफिकसाबकडेच आहे म्हणाला.

घरी आलो. भाभी ओट्याशी उभी होती, पातेल्यात पेज शिजत होती. मला विचारलं, "काय रे, ऊन लागलं का तुला?" मी हो म्हटलं आणि खोलीत येऊन दार लावून घेतलं. बाहेर भाई दुआशी बोलत होता, हळू आवाजात, नेहमीसारखा. मला उठून विचारता आलं असतं. उठलो नाही.

मंगळवार, १५ जुलै
हॉस्पिटल, बाहेरच्या बाकावर

दुपारी सगळे सावलीला गेल्यावर मी जुन्या मेसकडे गेलो. मागच्या बाजूच्या स्टोअरला खिडकीचा एसी आहे. मेस बंद, लाइट तोडलेली, आणि तो एसी चालू. खाली पाण्याचं डबकं. वायर बाहेरून, पार्किंगच्या खांबावरून ओढलेली. दाराला नवं कुलूप.

मी दार वाजवलं.

आतून आवाज आला. घोगरा, अगदी बारीक. "रफिकभाई? आलात?"

तो आवाज काकांचा होता, आणि ते माझ्या भावाचं नाव घेत होते.

"काका, मी राहिल."

मग, "राहिल? तू कशाला आलास? त्यांना सांगून आलास ना?"

पहिला फोन मी ॲम्ब्युलन्सला केला. हे लिहून ठेवतो, कारण पुढे मला कुणी विचारलं तर हेच सांगायचंय. आधी ॲम्ब्युलन्स, मग भाई. भाईला एवढंच म्हणालो, "चावी घेऊन ये. मी दाराशी उभा आहे." तो पार्किंगमधून धावत आला. कुलूप उघडताना चावी दोनदा खाली पडली. मी उचलून दिली.

आत वास. डेटॉल आणि त्याच्या खालचा दुसरा वास. काका गादीवर, डोळे खोल गेलेले. उजव्या पायाला लाकडी पट्ट्या बांधलेल्या, आणि खालचं पाऊल काळंनिळं. माणसाचं पाऊल असं होतं हे मला माहीत नव्हतं. उशाशी भाभीचा डबा. आमच्या घरातला, निळ्या झाकणाचा. मी काकांकडे बघायला हवं होतं, आणि मी त्या डब्याकडेच बघत राहिलो.

"सोमवारी बीम घसरला," भाई दारातूनच म्हणाला. "दुपारच्या बंदीच्या वेळात. कळलं असतं तर यार्डाला टाळं लागलं असतं. मॅनेजर म्हणाला, ऑडिटपर्यंत सांभाळ, मग जिन्यावरून पडला म्हणून हॉस्पिटलला नेऊ. पहिल्या दिवशी नुसती सूज होती राहिल, अल्लाची शपथ. मुरलीधर पण तयार होता. विचार त्याला."

"होतो," काका म्हणाले. "चार दिवस म्हणाले होते."

"आणि कुलूप?"

भाईने चावी खिशात टाकली.

"फरारचा रिपोर्ट आज जाणार होता. ते ठाऊक होतं तुला?"

"रविवारी कळलं. मॅनेजरने मला न विचारता ठरवलं ते. मग मी काय करणार होतो? कुणाला सांगणार होतो?"

"मला!" मी ओरडलो. "मी तुझ्या समोर बसून जेवत होतो!"

ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला तसा भाई वळला. मला वाटलं, जातोय. तो गेटकडे गेला, गेट सताड उघडलं आणि हात करून त्यांना आत बोलावलं. स्ट्रेचरची एक बाजू त्यानेच धरली. मागून पोलीस आले; कुलपामागे जखमी माणूस आहे, हे मी ॲम्ब्युलन्सला फोनवर सांगितलं होतं. मॅनेजरचे फोनवर फोन येत होते, भाईचा मोबाइल खिशात थरथरत होता. त्याने तो काढून पोलिसाच्या हातात दिला आणि मोडक्या अरबीत काहीतरी म्हणाला. मला 'मिफ्ताह' एवढा एकच शब्द कळला. चावी. मग त्याने चावीही दिली.

डॉक्टर म्हणतायत, पाय वाचेल असं सांगता येत नाही.

बुधवार, १६ जुलै

गुडघ्याखाली पाय काढला. काका वाचले.

कुंदाकाकूंना मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "जिवंत आहेत ना? बोलता येतं ना?" एवढंच दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "आणि तू रे, विकला म्हणाला होतास."

शोभना मॅडमही आल्या होत्या. रिपोर्ट थांबवला, आपणच थांबवला, हे सारखं सांगत होत्या. बाहेर येऊन भिंतीला टेकून रडल्या. "मैंने तो नाम भी टाइप कर दिया था."

भाभीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. तिने आधी विश्वासच ठेवला नाही. मग उठून ओट्याकडे गेली, पेजेचं पातेलं उचललं आणि होतं तसं सिंकमध्ये उपडं केलं. "मी शिजवून देत होते," म्हणाली. "रोज विचारायचे, बरा आहे का तो? ते म्हणायचे, आज दोन घास जास्त गेले."

दुआने विचारलं, "चाचू, डिड यू कॉल द पोलीस ऑन अब्बा?"

"नाही. ॲम्ब्युलन्सला केला."

"बट द पोलीस केम."

सोमवार, २१ जुलै

मध्ये काही लिहिलं नाही. जबाब, परत जबाब. दुभाषा केरळचा होता. राऊटरची गोष्ट त्याला अरबीत सांगता येईना. शेवटी मीच म्हटलं, लिहा, यंत्राने हाक मारली आणि फोनने ओ दिली. अधिकाऱ्याने मान हलवली आणि विचारलं, रफिक तुमचा कोण? सख्खा भाऊ, म्हटलं. त्याने लिहिता लिहिता माझ्याकडे पाहिलं.

मॅनेजरला शुक्रवारी धरलं. भाईने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, काही न लपवता, असं अधिकाऱ्यानेच सांगितलं.

काका आता उशीला टेकून बसतात. आज म्हणाले, "रोज आपल्या हाताने भरवायचा रे मला. ताप चढला की कपाळावर पट्ट्या ठेवायचा, तिथेच बसून नमाज पढायचा. सिम काढून फोन दाराशी चार्जिंगला ठेवलेला, त्यातले नातीचे फोटो स्वतः धरून दाखवायचा, माझ्या हातात द्यायचा नाही. आणि मग उठून कुलूप लावून जायचा. पहिल्या दिवशी मी काही बोललो नाही. नंतर म्हणालो, रफिकभाई, कुलूप नको, मी कुठे पळणार? तेव्हा त्याला रडू आलं. रडला, आणि लावलं."

मी विचारलं, "तुम्हाला त्याचा राग येतो?"

"मला काही कळत नाही राहिल. झोपेत पाय आहे असं वाटतं, मग जाग येते. तेव्हा येतो."

गुरुवार, २४ जुलै

पासपोर्ट जमा करून घेऊन भाईला घरी सोडलं. केस उभी राहीपर्यंत देश सोडता येणार नाही. नोकरी गेली. माझं वायफायचं कामही गेलं, म्हणजे मीच सोडलं.

भाभी त्याच्याशी कामापुरतं बोलते. दुआ अजिबात बोलत नाही, पण तो बसला त्या सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तिथेच तिने आयपॅड उघडला.

अस्रच्या नमाजनंतर आम्ही दोघे बाल्कनीत उभे होतो. खाली बसमधून माणसं उतरत होती. भाई म्हणाला, "त्या दिवशी तू गेला नसतास, तरी मी संध्याकाळी त्याला हॉस्पिटलला नेणार होतो. ठरवलं होतं मी."

मी बसमधून उतरणारी माणसं मोजत राहिलो.

"तुला वाटतं ना, मी नेलं असतं?"

"हो," म्हटलं.

त्याने रेलिंग धरलं. मग म्हणाला, "कशाला हो म्हणतोस? रविवारी पण ठरवलं होतं मी. तू जेवताना सांगितलंस, उठलो, गाडी घेतली, दार उघडलं. मुरलीधर म्हणाला, आज हॉस्पिटलला नेताय का? आणि मी त्याचा फोन बंद करून परत आलो."